दुतोंड्या दगड

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती, तरी कुणी कुणाला खेटत नव्हतं. जो तो अंग चोरून बसलेला. पुढे टेबलावर दिवा, दिव्याखाली अंगठ्याच्या पेराएवढा जाडजूड हिरवा दगड, त्यावर दांडीला लावलेलं भिंग. शेजारी काचेची बरणी. तिच्यात लोकांनी आणून टाकलेल्या गोळ्या : पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या.

"हा खाणीतला दगड नव्हे!" डोळेबाबा गरजला. "आभाळाचा डोळा निखळून पडला, तो हा! याच्याखाली तुमचा केस ठेवायचा. एक दिसला, तर आयुष्य आहे. दोन दिसले, तर दुसरा त्याचा, जो न्यायला आलाय!"

पूर्वी हा इसम चष्म्याच्या दुकानात काचा पुसायचा. आता लोकांची अक्कल पुसत होता.

एक आजोबा पुढे झाले. केस दोन दिसले. बाबाने पुटपुटत दगड फिरवला. केस एक झाला. आजोबा रडले आणि रक्तदाबाच्या गोळ्या बरणीत ओतून मोकळे झाले.

"औषध आणि डोळा एका घरात नांदत नाहीत," बाबा म्हणाला.

माझ्या ताईच्या गोळ्याही त्याच बरणीत होत्या. तिला मिरगी आहे. गोळ्यांच्या जोरावर सहा वर्षं झटका नव्हता. अकरा दिवसांपूर्वी तिने त्या सोडल्या आणि परवा गॅसशेजारी कोसळली. मनगट भाजलं. बाबाचं उत्तर तयार होतं : "दुसरा जवळ आलाय." आज तो तिचा केस शेवटचा बघणार होता. मी तिला ओढून न्यायला आलो होतो.

"अरे, एकदा बघू दे. मग येते," ती म्हणाली. तिने डोक्यावरचा एक केस उपटला.

बाबाने तो ताणून दगडाखाली ठेवला. मी भिंगातून बघितलं. दोन! शेजारी शेजारी, स्पष्ट दोन. लपवत नाही, मी घाबरलो. मी बावीस वर्षं चाकावर दगडांना पैलू पाडतोय. पण केस ताईचा होता, आणि मला दगड दिसेना, मरणच दिसलं.

"बघा, डोळा उघडतोय!" बाबाने दगड किंचित कलता केला. हिरव्या पोटात काळी बाहुली, भोवती लखलखती गोल कडी. मागे एक बाई किंचाळली. ताई माझा सदरा घट्ट धरून म्हणाली, "नेणार रे मला हा."

त्या डोळ्यानेच मला शुद्धीवर आणलं. असले डोळे मी रोज घासतो! खनिजाचा काळा कण, त्याच्याभोवती कमळाच्या पानासारखी गोल चीर. उजेड एका बाजूने आला की ती चमकते, दगड कलला की विझते. हा पेरिडॉट जातीचा खडा होता. आमचे उस्ताद त्याला दुतोंड्या म्हणायचे : "याच्यात उजेड शिरला की दुभंगतो. एकाचे दोन दाखवतो लेकाचा. विश्वास ठेवू नकोस."

मी हात पुढे केला आणि बाबाच्या दाढीचा एक केस उपटला.

"आई गं! ए, काय करतोस?"

"आयुष्य मोजतो तुमचं." केस दगडाखाली ठेवला. "आजोबा, या, बघा. किती?"

आजोबा वाकले. "दोन," ते घाबरत म्हणाले.

"बाबा, तुमच्याजवळ कोण येऊन बसलंय मग?"

"श्रद्धा नसली की असंच दिसतं!" बाबा फणकारला.

"बरं. आता पडद्याचा दोरा बघू. त्याला न्यायला कोण येणार, धोबी?"

दोरेही दोन दिसले. मग मी दगड सावकाश पाव फेरा फिरवला. एक. पुन्हा फिरवला. दोन. दुसरी सावली सरकून दोऱ्याच्याच रेषेवर आली, की एकच दिसतो. मंत्र नाही, मनगट. आणि आभाळाबद्दल म्हणाल, तर उल्केत हे खडे क्वचित सापडतात, पण बहुतेक जमिनीच्या पोटात खोलवर घडतात आणि ज्वालामुखी त्यांना वर आणून टाकतो.

आजोबा बरणीत हात घालून गोळ्या चिवडत होते. "माझी कुठली रे? पांढरी होती. सगळ्याच पांढऱ्या..." ते ऐकून मला बाबाच्या दगडापेक्षा जास्त भीती वाटली.

"आजोबा, यातली एकही खाऊ नका. डॉक्टरांकडून नवीन घ्या. आजच."

ताईला मी थेट तिच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, रागावले, गोळी हातावर ठेवली. ताई तिच्याकडे बघतच राहिली. मी खिशातून कारखान्यातला पेरिडॉट आणि भिंग काढून गोळीवर धरलं. गोळीच्या मधोमध तोडायची रेघ असते.

"दोन रेघा दिसतात रे," ती कुजबुजली. मग तिने स्वतःच्या बोटांनी दगड फिरवला. बराच वेळ फिरवला. "एक झाली."

आणि तिने गोळी गिळली.

वाचणाऱ्यांनो, भीती वाटते तर वाटू द्या. मलाही वाटली, त्यात लाज कसली? पण गुडघे टेकण्याआधी दगड आपल्या हातात मागा आणि फिरवून बघा. जो देत नाही, तोच न्यायला आलेला दुसरा.