अठरा किलोमीटर चाललेला दगड

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. मी एक जुना किलोमीटरचा दगड आहे. वजन दोन मण, आणि मी अठरा किलोमीटर चाललो आहे. स्वतःच्या पायांनी. कुणी मला हात लावला नाही, कुणी पहार घातली नाही, कुणी गाडीत चढवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यावरून एका म्हातारीच्या दारात हवालदार येऊन गेला आहे.

पाय कुठं आहेत, असं विचारू नका. चालून चालून झिजले.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर हिवरमाळ नावाची धनगरांची वस्ती आहे. पाऊस साताऱ्याकडून निघाला तर अलीकडे थांबतो आणि सांगलीकडून निघाला तर पलीकडे. तिथून पेठगावापर्यंत दुष्काळी कामावर रस्ता झाला. जोतिबा नावाच्या पाथरवटानं मला खाणीतून काढलं. पहिली छिन्नी बसली तेव्हा मी असा ओरडलो की समोरच्या डोंगराचा कडा खाली आला. तो अजून खालीच आहे, जाऊन बघा. मग मला चुना फासला, काळ्या रंगानं ‘पेठगाव ३ कि.मी.’ असं लिहिलं आणि वस्तीच्या तोंडाशी कमरेइतकं पुरलं.

त्या रस्त्याची खडी फोडायला चौदा-पंधरा वर्षांची एक पोर होती. तानुबाई तिचं नाव. बोटं फुटली की चिंधी बांधायची आणि पुन्हा हातोडी उचलायची. तीन किलोमीटर म्हणजे किती, हे तिला कुणी शिकवलं नाही. तिनं ते हातानं फोडलं.

दहा-बारा वर्षांनी माझ्या शेजारीच दोन खोल्यांची शाळा झाली. लोक म्हणतात सरकारनं बांधली. खरं म्हणजे मला एकट्याला करमत नव्हतं, म्हणून मी बोलावून घेतली. मित्रांनो, ते दिवस काय सांगू! हिवरमाळाची पोरं एक आकडा शिकायच्या आधी तीन शिकायची, कारण तो माझ्या छातीवर होता. बोट ओलं करून गिरवायची. तीन गिरवून गिरवून त्यांनी माझ्या छातीला खड्डा पाडला. पुढे त्यातली दोघं फौजेत गेली, एक तलाठी झाला. तलाठी मात्र पुढं मला ओळखेनासा झाला.

तुम्हाला ठाऊक असेल, धनगराची मेंढरं दिवाळीनंतर पश्चिमेला चरायला निघतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. आईबाप मेंढरांमागे जातात. पूर्वी पोरंही जायची. शाळा झाल्यावर पोरं आजीजवळ राहू लागली. हा एवढाच बदल झाला, पण तो लय मोठा होता. तानुबाईची नात रेश्मा अशीच राहिली. गेल्या जूनला ती तिसरीत गेली. आजीचे गुडघे गेलेले, पण शाळा दारात होती. आजी उंबऱ्यावर बसून नातीला फळ्यासमोर उभी राहिलेली बघायची. शाळा दारातून गेली असती तर रेश्माला मेंढरांमागे जावं लागलं असतं. दुसरं काही नव्हतंच.

आणि शाळेला नजर लागली.

पट अकराचा झाला होता, हे मी लपवत नाही. ज्यांना परवडलं त्यांनी पोरं पिवळ्या बसमध्ये घालून इंग्रजी शाळेत धाडली होती. मग ऑगस्टमध्ये कागद आला. हिवरमाळपासून नऊशे मीटरवर पेठगावची शाळा आहे, सबब ही शाळा बंद करून मुलांचं तिथं समायोजन करावं. समायोजन! मी पन्नास वर्षं उन्हात उभा आहे, पण इतका गुळगुळीत शब्द कधी अंगावरून गेला नव्हता. आणि नऊशे मीटर? माझ्या छातीवर तीन किलोमीटर लिहिलेलं असताना? कुणीतरी कचेरीत बसून मोबाईलमधल्या नकाशावर इथून तिथं एक सरळ रेघ ओढली होती. रेघेखाली ओढा होता, ओढ्याची दरड होती. त्या रेघेवरून पोरांनी जायचं तर त्यांना पंख लावावे लागले असते.

शाळेच्या पटांगणातच सभा भरली. पेठगावचे पुढारी लालासाहेब पांढऱ्या गाडीतून आले. या दोन खोल्यांत त्यांना दूध गोळा करायचं केंद्र काढायचं होतं, हे वस्तीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

“अकरा पोरांसाठी दोन खोल्या आन एक मास्तर,” लालासाहेब म्हणाले. “सरकारला परवडतंय का? मोठ्या शाळंत पोरं संगणक बगतील, मैदान बगतील. मी काय वंगाळ सांगतोय?”

“वड्याला पानी आल्यावर पोरं संगणकावर बसून पल्याड जानार व्हय?” तानुबाई खालूनच म्हणाली.

“आगं तानुबाई, जीप लावनार हाय. दारातनं उचलनार, दारात सोडनार.”

“तुमची नातवंडं कुटल्या जीपनं जात्यात वो?”

बाया हसल्या. लालासाहेबांची नातवंडं पाचगणीला राहून शिकतात.

“त्याचा हितं काय संबंद?”

“तुमास्नी शंबर किलोमीटर लांबची शाळा चालती, आन आमची दारातली तेवडी डोळ्यात खुपती. ह्यो संबंद.”

लालासाहेबांनी घड्याळ बघितलं. मोठ्या माणसांना अशा वेळी घड्याळ आठवतं.

सभा उठल्यावर शाळेचे रविराज सर माझ्यापाशी आले. सरकारी नोकर, तोंडाला कुलूप. हळू आवाजात तानुबाईला म्हणाले, “आजी, मला बोलता येत नाही. पण दगडावर काय लिहिलंय, ते कुणालाही वाचता येतं. तालुक्याच्या शिक्षण खात्याच्या साहेबांना एकदा इथं बोलवा.”

वस्तीनं साहेबांना तीन अर्ज केले. साहेब आले नाहीत. दसऱ्याच्या सुमारास मात्र सुनावणीचा कागद आला. सोमवारी अकरा वाजता तालुक्याच्या कचेरीत पुराव्यासह हजर राहावे. सरांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

“पुराव्यासह म्हंजी?” तानुबाईनं विचारलं.

“म्हणजे जे खरं आहे, ते दाखवायला बरोबर घेऊन यायचं,” सर म्हणाले, आणि पोरांच्या वह्या तपासायला आत गेले. बिचाऱ्याला वाटलं, आजी जुने दाखले नेईल.

मित्रांनो, त्या रात्री मीच विचार केला की पुरावा म्हणजे मी. पहाटे मी जमिनीतून उठलो, अंग झाडलं आणि चालू लागलो. त्या वेळी तानुबाई आणि चार बाया पहारी घेऊन तिथं उभ्या होत्या, हे खरं आहे. त्या सरपणाला निघाल्या होत्या. तानुबाईच्या गुंडा नावाच्या पुतण्याची पिकअपही होती, ज्यातून तो कोकरं बाजाराला नेतो. ती माझ्या पुढं पुढं चालली होती, रस्ता दाखवायला. कचेरीत पोचलो तेव्हा माझ्या अंगाला लेंड्या चिकटलेल्या होत्या, असं हवालदारानं लिहून घेतलं आहे. वाटेत मेंढरं भेटली. गळाभेट झाली.

साहेबांच्या टेबलासमोर मी दाणकन उभा राहिलो. फरशीला तडा गेला. लालासाहेब आधीच खुर्चीत चहा पीत होते.

साहेबांनी चष्मा वर केला. “हे काय आहे?”

“पुरावा,” तानुबाई म्हणाली. “वाचा की. तीन लिवलंय.”

“आजी, हा सरकारी दगड आहे. जागेवरून काढलात कशाला?”

“आवं सायेब, तीन अर्ज केलं. तुमी जाग्यावर येईना, म्हनून जागाच आनली.”

दाराशी जमलेले कारकून हसत होते, ते थांबले. साहेब मात्र शांतपणे म्हणाले, “आजी, हा तिथं उभा होता तोवर त्याच्या तीनला अर्थ होता. आता तो इथं उभा आहे. इथून पेठगाव पंधरा किलोमीटर असेल. मग हा दगड खरा कसा मानू? उद्या कुणीही कुठला दगड उचलून आणेल.”

तानुबाईनं माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, मी बहात्तर सोसला, छिन्नी सोसली, पण ते बघणं मला सोसलं नाही. आपल्या हातानं आपलाच पुरावा उपटून आणला, हे त्या म्हातारीच्या तोंडावर हळूहळू उतरत गेलं.

“मी ह्या रस्त्याची खडी फोडलीया,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. “धा म्हैनं. मला इचारा की किती लांब हाय. दगडाला नगा इचारू.”

“तसं चालत नाही, आजी.”

“उंद्या देवळाचा कळस आनून दावशील, म्हातारे,” लालासाहेब म्हणाले आणि कपात फुंकर मारून हसले.

त्या हसण्यानं माझा चुना तडकला. मी दगड आहे, मला राग येत नाही असं समजणारे लोक खुशाल समजोत. मला एक विचारायचं आहे. जो साहेब तीन अर्ज करूनही खरं बघायला आला नाही, तो दोनच दिवसांनी दगड कुठून उपटला त्याचा पंचनामा करायला हिवरमाळला कसा आला? आला! शाळेसाठी नाही, खड्ड्यासाठी आला. ओढ्यावरून जाता येईना म्हणून पेठगावच्या शाळेपासून रस्त्यानं वळसा घेऊन आला, आणि तिथून गाडीच्या मीटरवर तीन किलोमीटर चारशे मीटर पडले. गाडी थांबल्यावर ड्रायव्हरनं ते मोठ्यानं वाचलंसुद्धा. साहेब म्हणाले, “तू गाडी चालव.” मग कागदावर लिहिलं, अंतर नऊशे मीटर, मौजे हिवरमाळ येथे अंतर दाखवणारा दगड आढळून आला नाही. हे मला कसं कळलं? खड्डा माझाच आहे. खड्ड्याला कान असतात.

आणि तानुबाईला कागद दिला, सरकारी मालमत्ता विनापरवाना हलवल्याचा. ज्या बाईनं ती मालमत्ता पोटाला चिमटा घेऊन तयार केली, तिला! म्हणून मी ओरडून सांगतो, मी चाललो, मीच चाललो. घाला मला बेड्या.

पुढे कचेरीच्या मागची पडकी भिंत पाडली. तो राडारोडा एका ट्रकमध्ये भरला आणि त्यात मलाही टाकलं. ट्रक पश्चिमेला गेला. आता मी वाईच्या अलीकडं, उसाच्या कडेला पडलो आहे. छातीवर अजून ‘पेठगाव ३ कि.मी.’ आहे. पुण्याकडचे लोक गाडी थांबवतात, मोबाईल बघतात, मला शिव्या देतात. द्या. साहेबानंच सांगितलं आहे की मी आता खोटा दगड आहे.

पण मित्रांनो, शेवट चांगला झाला. लय चांगला झाला! रविराज सरांनी नोकरीची पर्वा न करता स्वतः टेप धरून रस्ता मोजला आणि वर कळवलं. वरच्या साहेबानं खालच्या साहेबाला उभं केलं. लालासाहेबांचं दुधाचं केंद्र नासलं. तानुबाईचा कागद फाडून टाकला. हिवरमाळची शाळा वाचली, मित्रांनो, आणि तिला नवा रंग दिला, पिवळा. या घडीला तिथं काय चाललं असेल, ते मला इथून दिसतं. सर फळ्यावर गणित घालतायत. आजी उंबऱ्यावर बसली आहे. पहिल्या रांगेत रेश्मा आहे, तिला तिसरीतली कविता तोंडपाठ झाली आहे आणि ती उभी राहून म्हणून दाखवते आहे. तेव्हा माझं सांगणं एवढंच, की आपल्या वस्तीतली शाळा जपा. तिला कुणी हात लावू लागलं तर दगडासारखे जागेवर घट्ट उभे राहा. हलू नका. मी हललो, ती चूक...

“खोटं!”

आवाज माझ्या डोक्यावरून आला. मेंढरांचा एक तळ सकाळपासून शेजारच्या रानात उतरला आहे, आणि तळावरची चार पोरं माझं बोलणं ऐकत खाली बसली होती. पाचवी पोर माझ्यावर चढून बसली होती. मला तिच्या भेगाळलेल्या टाचा तेवढ्या दिसत होत्या, आणि टाचांपाशी एक कोकरू.

“काय खोटं?” मी गुरकावलो. “चाललो ते? चाललोच!”

“ते ऱ्हाऊ दे. आज्जीला धरू नये म्हनून तू तसं म्हंतोस, ते कळतंय मला,” पोरगी म्हणाली. “म्होरलं खोटं हाय. जीप आठ दिस आली. मग डिझेल न्हाई म्हनाले. शाळंत आता दुधाचं क्यान हायती.”

“तुला काय ठाऊक? त्या रेश्माला विचार. ती पहिल्या रांगेत बसलीय.”

टाचा हलल्या. ती खाली उतरली, कोकरू काखेत घेतलं आणि माझ्या छातीवरच्या तीनवर बोट ठेवलं.

“आरं दगडा, रेश्मा मी हाय. आज मंगळवार, बारा वाजायला आल्यात. मी हितं हाय, मग शाळंत कोन बसलंय?”