सोळा खिळ्यांची फळी

मित्रांनो, आधी फायद्याचा आकडा सांगते, गोष्ट मागून. नव्या मोठ्या दुकानातून किराणा आणण्यात पद्मजाताईंचा महिन्याला दोनशे ऐंशी रुपयांचा फायदा होता. तेलाच्या पाच लिटरच्या डब्यामागं पंचावन्न, तूरडाळीत किलोमागं अठरा, मग साखर, साबण, चहा, असं करत करत दोनशे ऐंशी. शिवाय पहिल्या खरेदीवर एक निळी बादली फुकट. हा हिशेब त्यांनी स्वतः किराणावाल्या बद्रीनाथला त्याच्याच दुकानात उभं राहून वाचून दाखवला. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, चोरून काही करणं त्यांना जमायचं नाही. बद्रीनाथनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर हाय बाई. वजाबाकीत चूक नाय."

वजाबाकीत चूक नव्हतीच. फक्त त्या हिशेबात मला कुणी धरलं नव्हतं.

मी एक लाकडाची फळी आहे, आता बरीच जुनी. साबणाच्या खोक्याचं झाकण होते. हर्सूलकडं जाणाऱ्या रस्त्याला गुरुकृपा कॉलनी लागते, तिच्या तोंडाशी बद्रीनाथ औताडेचं किराणा दुकान होतं. तो मूळचा लासूर स्टेशनचा. भावाभावांत जमीन पुरेना म्हणून सव्वीस वर्षांपूर्वी बायकोला, गीताबाईला, घेऊन शहरात आला आणि हा गाळा भाड्यानं घेतला. शटरच्या बाहेर, पत्र्याच्या सावलीत, गल्ल्यावर बसल्या बसल्या हात पुरेल अशी त्यानं मला भिंतीला ठोकलं आणि माझ्या अंगात दोन ओळींनी सोळा खिळे मारले. सोळा खिळ्यांवर शाम्पूच्या पुड्यांच्या सोळा माळा लटकायच्या, अशी त्याची योजना. माझा जन्म धंद्यासाठी होता, मित्रांनो. माझ्या हातून एक पुडीसुद्धा धड विकली गेली नाही.

पहिल्याच आठवड्यात पद्मजाताई आल्या. शाळेत निघाल्या होत्या, हातात घराची किल्ली. "बद्रीनाथ, श्रीरंग दीडला शाळेतून येतो. त्याला एवढी किल्ली द्याल?" बद्रीनाथनं पहिल्या खिळ्यावरची माळ काढून बाजूला ठेवली आणि तिथं किल्ली अडकवली. आठ वर्षांचा श्रीरंग दुपारी आला, टाचा उंच करून किल्ली काढली आणि पळाला. झालं. कॉलनीला माझा उपयोग कळला.

वर्षभरात दुसऱ्या ओळीपर्यंत किल्ल्या पोचल्या. आपल्या शहरात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. नवरा-बायको दोघं नोकरीला, आणि पाणी येणार दुपारी अडीचला. मग गीताबाई माझ्यावरच्या किल्ल्या ओच्यात घालून निघायची. या घरचा हौद भर, त्या घरची मोटर लाव, तिसऱ्या घरचा नळ बंद कर. गॅसवाला आला तर तिनंच दार उघडायचं. कुणाच्या न्हाणीघराची खिडकी ढिली आहे आणि कुणाचं दार उचलून लोटावं लागतं, हे त्या घरच्यांच्या आधी गीताबाईला ठाऊक.

ती कुरकुर करायचीच. "सोळा खिळं अन् सोळा फुकटच्या चाव्या. तिथं माल लटकला असता तर इकला तरी असता."

"चावी घ्यायला येतेत, तर साखर घेऊनच जातेत ना," बद्रीनाथ म्हणायचा.

त्याचा हिशेब खोटा नव्हता. चोवीस-पंचवीस वर्षं तो बरोबर येत होता.

मग मागल्याच्या मागल्या दिवाळीला, जळगाव रोडला ते मोठं दुकान उघडलं. आत गार हवा, ढकलायच्या गाड्या, वर सरकता जिना. बद्रीनाथ एकदा बघून आला आणि गल्ल्यावर जुनी बिलं काढून बसला. गीताबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मोंढ्यात मला ज्या ठोक भावानं तेल मिळतं ना, त्याच्यापेक्षा स्वस्त तिथं गिऱ्हाइकाला मिळतंय."

"मग तिथूनच आणून इकू की!"

तो हसला, ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी दोघं खरंच गेले. एका माणसाला दोनच डबे असा नियम, म्हणून दोघं ओळखत नसल्यासारखे वेगवेगळ्या रांगांत उभे राहिले. गीताबाईच्या पुढं नेमक्या पद्मजाताई.

"अगं, तू इथं?"

"तुम्ही बी इथंच की, बाई."

हे गीताबाईनंच दुकानात परत येऊन सांगितलं, आणि सांगताना दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बद्रीनाथ आधी थांबला. रिक्षाचं भाडं धरून त्या चार डब्यांवर त्याला सुटले होते अकरा रुपये.

आता लोकांची गंमत सांगते. लोक वाईट नव्हते, मित्रांनो. लाजरे होते. माल आणायचा मोठ्या दुकानातून, पण घराची किल्ली माझ्या अंगावर. मग करायचं काय? नवव्या खिळ्यावरच्या मंजुषाताई कचेरीतून येताना रिक्षा वळणावरच्या विजेच्या डीपीपाशी थांबवायच्या. भरलेल्या पिशव्या डीपीमागं लपवायच्या, पदर सारखा करून रिकाम्या हातानं दुकानात यायच्या, किल्ली घ्यायच्या आणि जाता जाता एक काडेपेटी विकत घ्यायच्या. चार महिन्यांत त्यांनी सतरा काडेपेट्या नेल्या. त्यांच्याकडं लायटर होता.

एक दिवस डीपीमागून कुत्र्यानं पिशवी ओढली. टोस्टचा पुडा तोंडात धरून ते दुकानापुढून पळालं, मागं मोठ्या दुकानाचं नाव छापलेली पिशवी फरपटत, आणि तिच्यामागं मंजुषाताई. बद्रीनाथनं मान खाली घालून डाळ निवडायला घेतली असती, तर कदाचित पुढचं टळलं असतं. पण तोही माणूसच. म्हणाला, "ताई, टोस्ट आपल्याकडं बी होता. कुत्र्याला आवडतो तोच."

बाकावर बसलेले दोघं-तिघं खदखदून हसले. मंजुषाताई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली काढून नेली. "आम्ही दुसरी करून घेतलीये, आता लागणार नाही," एवढंच म्हणाल्या. वर्मी लागेल असा तो एक टोमणा बद्रीनाथनं सव्वीस वर्षांत मारला असेल, आणि त्याची किंमत त्यानं फार मोजली. बाकीच्यांना त्यातून वाट दिसली. किल्ली नसली की दुकानापुढून जावं लागत नाही, दुकानापुढून गेलं नाही की लाजावं लागत नाही. कुणी जास्तीच्या किल्ल्या करून घेतल्या, कुणी आकड्यांचं कुलूप बसवलं. पावसाळ्यापर्यंत माझे पंधरा खिळे मोकळे झाले. मोकळ्या खिळ्यांवर गीताबाईनं शाम्पूच्या माळा लावल्या. सव्वीस वर्षांपूर्वीची योजना शेवटी पार पडली, पण पुडी न्यायला कोणी येईना.

पहिल्या खिळ्यावर एक किल्ली राहिली. पद्मजाताई किराणा उघड उघड तिकडून आणायच्या आणि जास्तीची किल्ली उघड उघड इथं ठेवायच्या. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच होत्या, श्रीरंग पुण्याला. रोज सकाळी सातला अर्धा लिटर दूध न्यायला येत, बाकावर दहा मिनिटं टेकत. एकदा ताप आला म्हणून आल्या नाहीत, तर सव्वासातला गीताबाई तीच किल्ली घेऊन त्यांच्या दारात होती.

अर्ध्या लिटर दुधावर गाळ्याचं भाडं निघत नाही. सप्टेंबरात बद्रीनाथनं फ्रीज विकला, काटा विकला, बाक एका चहावाल्यानं नेला. मला कुणी विचारलं नाही. त्यानं उपटून पाहिलं, पण खिळे भिंतीत गंजून बसले होते. निघताना त्यानं पहिल्या खिळ्यावरची किल्ली काढून पद्मजाताईंच्या हातात दिली.

"आता ही कुणाकडं ठेवू, बद्रीनाथ?"

"मंजुषाताईकडं ठेवा की. शेजारच हाय."

"ती सकाळी जाते, रात्री येते. आमची भेट व्हायची ती तुमच्या दुकानात." मग त्या किल्लीकडं बघत म्हणाल्या, "ठेवते घरातच. आतल्या खुंटीला."

गीताबाईनं त्यांच्या पायाला हात लावला. "बाई, रातच्याला न्हाणीत जाताना दिवा लावत जा. तिथं लई निसरडं हाय."

"वीजबिल तू भरणार का?" पद्मजाताई म्हणाल्या. दोघी हसल्या. टेम्पो लासूरकडं गेला.

तीन महिने माझ्यापुढं काहीच घडलं नाही. डिसेंबरात एका मंगळवारी भरदुपारी पाणी आलं. अर्ध्या तासानं गल्लीतून लोंढा वाहत माझ्याखालून जाऊ लागला. त्या दिवशी सुटी घेतलेल्या मंजुषाताई चिडून बाहेर आल्या. "कुणाचा हौद वाहतोय? आठ दिवसांनी येतं पाणी, आणि असं सोडायचं?"

हौद पद्मजाताईंचा होता. बेल वाजवली, दार वाजवलं, हाका मारल्या. लोक जमले. कुणीतरी विचारलं, "त्यांची किल्ली कुणाकडं असते?" आणि मित्रांनो, अख्ख्या गल्लीनं एकदम माझ्याकडं पाहिलं. शटर बंद, आणि मी सोळा मोकळे खिळे घेऊन भिंतीला.

मंजुषाताईंनी बद्रीनाथला फोन लावला. मोठा आवाज करून धरला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "भाऊ, पद्मजाताईंची किल्ली तुमच्याकडं आहे का हो?"

"नाय ताई. मी तर त्यांच्या हातात देऊन आलो. का? काय झालं?"

मंजुषाताई हौदाचं आणि बंद दाराचं सांगता सांगता रडू लागल्या. पलीकडं फोन ओढल्याचा आवाज आला आणि गीताबाई ओरडली, "आगं, रडती काय? मागच्या बाजूनं जा. न्हाणीच्या खिडकीची कडी ढिली हाय. हात घालून वर उचल, निघती. पळ!"

कडी निघाली. पद्मजाताई न्हाणीत आडव्या पडल्या होत्या, रविवार संध्याकाळपासून. हाका मारून मारून आवाज गेलेला, मांडीचं हाड मोडलेलं. सकाळचे सात दोनदा वाजून गेले होते, आणि त्या आल्या नाहीत हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. दूधही त्या आता आठवड्याचं एकदम आणून ठेवत. त्यातही चार रुपये वाचत.

त्या वाचल्या. पण चालता यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून श्रीरंगनं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. गाडीत बसवताना त्या घराकडं नाही, दुकानाकडं बघत होत्या. श्रीरंगनं दाराला मोठं कुलूप घातलं आणि किल्ली हातात घेऊन सरळ माझ्यापाशी आला. आता त्याला टाचा उंच कराव्या लागत नव्हत्या. किल्ली पहिल्या खिळ्याजवळ नेली, तेव्हा कुठं त्याचं शटरकडं लक्ष गेलं. मग किल्ली खिशात घातली आणि गाडी सुरू केली.

मित्रांनो, आपलं आयुष्य सांगून झालं की शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला तेल लावा, वाळवीपासून जपा, असं मागता येईल. पण फळी जपून काय करणार? तुमच्या गल्लीत तुमची किल्ली ठेवणारं कुणी अजून उरलं असेल, तर लाज वाटली तरी किल्ली काढून नेऊ नका. पिशव्या लपवू नका, हातात घेऊनच जा. दुकान त्यानं वाचेल असं मी म्हणत नाही; ते वाचणार नाही. दार तेवढं कुणीतरी वेळेवर उघडेल.

आता हिशेब मिटवते. मोठ्या दुकानानं कुणाला फसवलं नाही, भाव खरेच कमी होते. जमेला, चौदा महिन्यांचे पद्मजाताईंचे तीन हजार नऊशे वीस रुपये, आणि बादली. उरलेल्या पंधरा घरांचीही बचत अशीच थोडीफार. नावे बाजूला, बद्रीनाथ-गीताबाईंचं दुकान आणि पद्मजाताईंचे पाय, घर, गाव. पंधरा घरांच्या नावे काहीच निघत नाही. बादली न्हाणीतच राहिली आहे, नळाखाली.