खांद्यावरची पिन

"अगं, तुझ्या नायकाच्या खांद्यावर सेफ्टी पिन काय करतेय?"

ज्ञानेश्वरीताईंचा फोन आला तेव्हा अल्मास प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात माती कमी करत बसली होती. माती परीक्षणाच्या कामात हे रोजचंच. शेतकरी पिशवीभर माती आणतो, तपासायला लागते थोडीशी. मग ती कापडावर पसरायची, बोटाने आडवी-उभी रेघ ओढून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन मिसळून पुन्हा चार भाग. असं करत करत शेवटी जे उरतं, ते अख्ख्या शेताची माती म्हणून आत तपासायला जातं.

तिने हात ओढणीला पुसला. "कसली पिन, ताई?"

"तुझ्याच कथेतली. ऐक. 'अंगदने खांद्यावरची पिन काढली आणि ब्युरेटचं टोक मोकळं केलं.' बरं, हा पोरगा कॉलेजात काय पदर घेऊन येत होता?"

अल्मासचे कान तापले. प्रुफं तिने स्वतः तपासली होती. एक काना चुकीचा सुटला नव्हता, आणि ही एवढी पिन सुटली होती.

ज्ञानेश्वरीताई शाळेतून निवृत्त झाल्यापासून सावेडीतल्या आपल्या बंगल्यातून दिवाळी अंक काढत. जाहिराती स्वतः मिळवत, चिडलेल्या लेखकांना स्वतःच चहा पाजत. त्यांच्या अंकात दरवर्षी 'रेवा' या नावाने एक प्रेमकथा येई. रेवा म्हणजे अल्मास, हे फक्त त्यांना ठाऊक होतं. रेवाच्या कथा वाचकांना आवडत. त्यातल्या मुली बंगल्यात राहत, वाट पाहत, आणि मुलगा उशिरा का होईना, येई. अल्मास जिथे लहानाची मोठी झाली त्या मुकुंदनगरच्या गल्लीत मात्र रेवाची एकही नायिका राहिली नव्हती.

या वर्षी पहिल्यांदाच तिने नायिकेचं नाव इन्शा ठेवलं. तिला आपल्यासारखं घर दिलं, ईदला उकळणारा शीरखुर्मा दिला. नायक अंगद, पाथर्डीकडचा. दसरा झाला की त्याचे आईबाप ऊसतोडीला जात आणि तो वसतिगृहात एकटा राही. एवढं लिहिताना अल्मासला वाटलं होतं, आपण फार धीट झालो.

"छापायची चूक असेल," ती म्हणाली.

"छापायची नाही, तुझीच आहे. पण सोपं आहे गं. पिन इन्शाच्या खांद्यावर ठेव. ओढणीची. अंगद पुढे होतो, न विचारता तिच्या खांद्यावरची पिन काढतो. बघ किती गोड होतंय! मलाच या वयात कसंतरी झालं."

"नको," अल्मास म्हणाली. जरा जास्तच पटकन.

"का गं?"

"विचार करून सांगते."

"सकाळी मजकूर छापखान्यात जातोय. त्याआधी सांग. हवी तर पिनच काढून टाकू, मला काय."

फोन ठेवल्यावर अल्मास तशीच बसून राहिली. समोर मातीचे चार भाग पडले होते. कोणते दोन टाकायचे ते तिला ठरवता येईना.

ताईंनी गमतीत जे सुचवलं होतं, तसंच घडलं होतं. तंतोतंत. फक्त तिथे अंगद नव्हता. अंगद म्हणजे पंकजा होती. हे स्वतःशी कबूल करायलाही अल्मासला बरीच वर्षं लागली होती.

बी.एस्सी.च्या शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिने ब्युरेटच्या, म्हणजे थेंब थेंब सोडणाऱ्या काचेच्या नळीच्या, तोटीला व्हॅसलीन चोपडलं, ते जरा जास्तच झालं आणि टोक बुजलं. थेंब पडेना. सर फेऱ्या मारत होते. शेजारच्या टेबलावरून पंकजा कुजबुजली, "काय गं, लोनी लावलंस का त्येला?" आणि सरांची पाठ वळताच ती इकडे आली. विचारलं नाही, काही नाही. अल्मासच्या डाव्या खांद्यावर ओढणी टाचलेली होती, तिथली पिन तिने एका हाताने उघडली, आपलीच असल्यासारखी. पिन उघडायला वेळ तो कितीसा लागतो. तेवढा वेळ पंकजाची बोटं तिच्या मानेला लागून होती. मग तिने टोक टोकरलं, थेंब पडायला लागले. "व्हय, चाललं बघ," म्हणून ती पिनेसकट आपल्या जागी गेली.

त्या दिवशी अल्मासचं रीडिंग चुकलं. चंबूतल्या निळ्याचं हिरवं झालं की लगेच तोटी बंद करायची असते; ते कधी झालं ते तिला दिसलंच नाही. आणि उरलेला दिवस ती ओढणी हाताने धरून हिंडली.

कथा लिहिताना आधी तिने पंकजाचा अंगद केला. मग वाटलं, परक्या मुलाचा हात इन्शाच्या खांद्याला लागतोय, लोक काय म्हणतील. म्हणून पिन तिथून उचलून अंगदच्याच खांद्यावर ठेवली. दोनदा झाकायला गेली आणि त्या गडबडीत पिन उघडी पडली.

घरी अम्मी ओट्याशी मेथी निवडत होती. तिचं सुरय्या हे नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलं होतं; अख्खी गल्ली तिला अम्मीच म्हणे. घरात दखनी चालायची.

"परवेझ बोल रहा था, श्रीगोंदेसे रिश्ता आया है. लडका बँक में है." परवेझ म्हणजे अल्मासचा भाऊ.

"लडका चालीस का है, अम्मी."

"तो तू कौनसी सोला की है?" अम्मीने एक काडी बाजूला टाकली. "ऐसी क्या बैठी है? तबियत ठीक है ना?"

"ठीक है."

अल्मासने मोबाईलमध्ये पंकजाचं नाव काढलं. पंकजा कर्जतजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. धाकट्या भावंडांचं शिक्षण व्हायचंय असं सांगून तिने सगळी स्थळं परतवली होती, हे अल्मासच्या कानावर आलं होतं. भावंडं तर केव्हाच कामाला लागली होती. पूर्वी ईदला पंकजाचा फोन यायचा. शेवटच्या वेळी ती म्हणाली होती, "बोल." अल्मास म्हणाली, "तू बोल." दोघी जरा वेळ थांबल्या आणि मग कोणीतरी फोन ठेवला. कोणी, ते आता आठवत नव्हतं. तिने नावावर बोट धरलं, मग मोबाईल पालथा ठेवला.

अंगदला कथेतून पुसून टाकावं असं तिला वाटत नव्हतं. तो बिचारा चांगला होता. पण तो पुढे होणार, इन्शाच्या खांद्यावरची पिन काढणार, पुढच्या दिवाळीपर्यंत लोक ते वाचणार आणि म्हणणार, किती गोड. जो कधी नव्हताच, त्या माणसाला पंकजाचा हात देऊन टाकायचा. आपणच लिहिलेल्या नायकाचा तिला एवढा मत्सर वाटला की तिचं तिलाच हसू आलं. आणि हसता हसता डोळे भरून आले.

सकाळी स्कूटर घेऊन ती सावेडीला गेली. ज्ञानेश्वरीताई जेवणाच्या टेबलावर प्रुफं मांडून बसल्या होत्या.

"ये. काय ठरलं? पिन काढायची ना?"

"पिन राहू दे," अल्मास म्हणाली. "मुलगा काढू."

ताईंनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"अंगद नाही. मुलगी आहे ती. पिन इन्शाच्याच खांद्यावर, तुम्ही म्हणालात तशी. काढते ती मुलगी. बाकी सगळं तसंच. वाट बघणं, पत्र न टाकणं, सगळं."

ताईंनी चष्मा पुन्हा लावला. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. "मैत्रिणी म्हणून का?" त्यांनी जपून विचारलं.

"नाही. प्रेमकथा म्हणून."

"अगं, अंकात पानभर जाहिरात देणारा सराफ आहे, त्याची बायको आधी तुझी कथा वाचते."

"मग तिला वाचू दे."

ताई उठल्या, पाणी प्यायल्या, परत येऊन बसल्या. "इन्शा आणि अंगद. मला वाटत होतं, दोन्हीकडचे फोन येणार. आता एक बरं झालं, फोन करणाऱ्याला नेमकं कशावर चिडायचं तेच कळणार नाही." मग हसू ओसरलं. "खरी आहे का ही, अल्मास?"

"पिन खरी आहे."

ताईंनी मान हलवली. पुढचं त्यांनी विचारलं नाही. लाल पेन घेऊन दोघी ओळीमागून ओळ दुरुस्त करत गेल्या. मध्येच ताई एखादं वाक्य मोठ्याने वाचत आणि म्हणत, "हे आता जास्त बरं लागतंय गं," जणू त्यांनाच नवल वाटत होतं.

"मुलीचं नाव काय ठेवायचं?"

अल्मास थांबली. पंकजाचं नाव पंकजाचं होतं, ते देणारी ती कोण? "चांगुणा," ती म्हणाली. जुनं, कोणाचंच नसेल असं.

"आणि खाली रेवाच ना?"

"अल्मास शेख."

"नगर लहान आहे बाई."

"माहीत आहे, ताई."

अंक वसुबारसेला बाहेर पडला. आभाळ कोसळलं नाही. प्रयोगशाळेत एकाने, "मॅडम, तुम्ही लिहिता?" एवढंच विचारलं आणि आपल्या टेबलाशी जाऊन उगाच बाटल्या पुसत बसला. परवेझला कोणीतरी दुकानात अंक दाखवला. तो घरी आला, जेवला, रोटीचा डबा तिच्याकडे न पाहता सरकवला. पुढेही बरेच दिवस तो तसाच सरकवत राहिला. "नाम तो नै डालना था," एकदा भिंतीकडे बघत म्हणाला. श्रीगोंद्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

अम्मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. दुपारी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून ती कथा वाचत होती. अल्मास दारात कपडे वाळत घालत होती. तोच टॉवेल तिने दोनदा झटकला.

"ये पंकजा है ना?" अम्मीने अंक मिटवत विचारलं.

अल्मासने टॉवेल दोरीवर टाकला.

"ईद को आती थी. शीरखुर्मा दो-दो बार लेती थी, तीसरी बार शरमाती थी." अम्मीने चष्मा डबीत ठेवला, डबी बंद केली. "अच्छी छोकरी थी. अब आती नै." आणि ती नमाजाला उठून गेली. याच्या पुढेमागे ती कधीच काही बोलली नाही.

सुट्ट्या संपल्या. रब्बीसाठी नमुन्यांची रीघ लागली. अल्मास रोज मोबाईल कामाच्या टेबलावर, समोर दिसेल असा ठेवू लागली. कर्जतच्या वाचनालयात हा अंक जातो, हे तिला ठाऊक होतं. दिवाळी अंक आले की पंकजा सगळ्यांच्या आधी जाऊन रांगेत उभी राहायची, हेही. पण माणसं बदलतात. बदलली नसली तरी चिडू शकतात.

आणि एका दुपारी ती ब्युरेटशी उभी असताना मोबाईलवर पंकजाचं नाव उमटलं. ओल्या हातानेच तिने फोन उचलला.

"चांगुना?" पलीकडून एकदम आवाज आला. "दुसरं नाव मिळालं न्हाई का गं तुला? माझ्या आज्जीचं नाव हाय ते!"

"मला काय माहीत?"

"आन व्हॅसलीन तू लावलं हुतंस. गोष्टीत माझ्या नावावर घातलंयस. मी सायन्सची मास्तरीन हाय बाई, माझी काय इज्जत राहिली?"

अल्मास हसली. इतक्या वर्षांनी तो आवाज कानात आला आणि हसताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "रागावलीस?"

"लई." पंकजा थांबली. पाठीमागे पोरांचा कालवा ऐकू येत होता. मग तिचा आवाज खाली आला. "वाचनालयात उभ्या उभ्या वाचली. बाई म्हनल्या, बसा की मॅडम. बसता येईना मला."

दोघी गप्प झाल्या. मागच्या वेळी इथेच फोन ठेवला गेला होता. अल्मासने तो घट्ट धरला.

"पिन परत दिली नाहीस तू," ती म्हणाली.

"मागितली कुठं तू?"

चंबूच्या तळाशी निळं गडद होतं. वरून थेंब पडत होते. अल्मासने डोळे मिटले.

"आता मागते."

पलीकडे शाळेची घंटा झाली. पोरांचा कालवा धावत आत गेला, आवाज विरळ झाले. "तास हाय माझा," पंकजा म्हणाली. पण फोन तिने ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा.

"अम्मीला सांग," ती शेवटी म्हणाली, "ईद न्हाई तरी शीरखुर्मा कर म्हनावं. रैवारी येते."

अल्मास तशीच उभी होती. ब्युरेटमधून थेंब पडतच होते. निळ्याचं हिरवं होऊन गेलं होतं, आणि तोटी बंद करायची तिला आठवण राहिली नाही.