समुद्राकडे सतरा पावलं

ती गेल्याचं कळलं तेव्हा चावीकाकांचे एकोणीस आटे झाले होते.

शाळेसमोरचा मोठा व्हॉल्व पूर्ण उघडायला बेचाळीस आटे लागतात. छातीइतकी उंच लोखंडी चावी खड्ड्यात सोडायची, कमरेतून वाकायचं आणि मनात मोजत फिरवत राहायचं. पाणीखात्यात काकांनी चौतीस वर्षं हेच केलं होतं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी फोन वाजला. शेजारची सूनबाई बोलत होती.

"काका, घरी या. काकू उठत नाहीयेत."

"अगं, डोळा लागला असेल. हल्ली सकाळी पडते जरा."

"नाही हो काका. डॉक्टर आलेत. तुम्ही या."

काका समजायचं ते समजले. पण व्हॉल्व अर्धवट टाकून जाता येत नाही. अर्ध्यावर राहिला तर वरच्या टॉवरांच्या टाक्या भरत नाहीत आणि समुद्राकाठच्या खालच्या वस्तीत नळाला नुसती हवा येते. काकांनी उरलेले तेवीस आटे फिरवले, झाकण बसवलं, चावी खांद्यावर घेतली आणि मग घरी गेले. पुढे काही नातेवाईक बोलले, "धन्य माणूस! बायको गेली तरी पाणी सोडून आला."  काका आटे मोजत होते तोवर त्यांच्यासाठी ती गेलेली नव्हती. एवढंच त्यांना सांगता आलं असतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

पंधरा दिवसांनी ते कामावर आले, तर ऑफिसात त्यांच्याच वहीची बदनामी चालली होती.

ही वही म्हणजे लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, तीनदा शिवलेली. शहर दर वर्षी फुगत होतं. जिथे खारजमीन होती तिथे इमारती उठल्या, इमारती आल्या म्हणून पाइप आले, पाइप आले म्हणून व्हॉल्व आले. रस्त्यांवर डांबराचे थरावर थर चढले आणि व्हॉल्वची झाकणं एकामागून एक गडप झाली. खात्याचा नकाशा शहर निम्मं असतानाचा. खरा नकाशा काकांच्या वहीत होता. 'शिंप्याच्या पायरीपासून समुद्राकडे सतरा पावलं.' 'पिठाच्या गिरणीच्या खांबापासून टेकडीकडे अकरा पावलं.' प्रत्येक नोंदीखाली तारीख.

आता मुख्य रस्ता सिमेंटचा होणार होता. सोमवारपासून काम सुरू. एकदा सिमेंट पडलं की खालचं सगळं कायमचं खाली. त्याआधी सात व्हॉल्व शोधून त्यांची तोंडं वर आणायची होती. ती नाही आली, तर पुढे कधी पाइप फुटला की अख्ख्या शहराचं पाणी बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि पाणी बंद झालं की सगळ्यात आधी कोरडी पडणार ती खालची वस्ती. काका सुट्टीवर होते तेव्हा नव्या इंजिनिअर मॅडमनी वहीच्या झेरॉक्स काढून ठेकेदाराच्या मुकादमाला दिल्या होत्या. मुकादमाने पावलं मोजून तीन ठिकाणी खणलं. तिन्ही खड्डे रिकामे.

"काका, राग मानू नका," मुकादम म्हणाला, "पण ही वही आहे की कादंबरी? सतरा पावलं म्हणता, तिथे तर केबलसुद्धा नाही."

"पावलं कुणी मोजली?"

"मी मोजली. चांगल्या ढांगा टाकून."

"तू ताडमाड माणूस."

"मग तुम्ही मोजा!"

मॅडम वयाने काकांच्या मुलीएवढ्या. चेहरा रडवेला, कारण वरून रोज फोन येत होते. "काका, आवाज करणारं मशीन आणून बघितलं. रस्त्यात इतकं लोखंड आहे की ते जागोजाग ओरडतंय. तुमच्या वहीवर भरवसा ठेवला होता मी. आता साहेब म्हणतात, वही फेका आणि व्हॉल्व विसरा. तुम्ही एकदा चालून दाखवा ना."

काका जागचे हलले नाहीत. टोपी काढली, पुन्हा घातली.

"मॅडम, ती पावलं माझी नाहीत."

"मग कुणाची?"

"मंडळींची."

मुकादम हसणार होता, पण मॅडमकडे बघून त्याने हसू गिळलं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी काका पाइपाच्या चरात पडले होते. पाय मोडला, जुळला, पण वाकडा जुळला. तेव्हापासून त्यांचं एक पाऊल लांब आणि एक आखूड पडे. एकच अंतर दोनदा मोजलं तर दोन आकडे. नवीन लग्न झालेली बायको एकदा डबा घेऊन आली आणि त्यांची ती कसरत बघत उभी राहिली.

"अहो, तुम्ही चाललात की रस्ता लांबतो नि आखडतो. व्हा बाजूला. मी मोजते, तुम्ही लिहा."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. नवा व्हॉल्व बसला की सुट्टीच्या दिवशी दोघं जायची. ती साडीचा पदर खोचून एका लयीत चालायची आणि लहान मुलाला शिकवावं तसं मोठ्याने मोजायची. काका मागून लंगडत वही धरून. लोक विचारत, काय शोधताय? ती सांगायची, "यांची अक्कल. इथेच कुठेतरी पडली म्हणतात." ऑफिसात मात्र हे कधी सांगितलं नव्हतं. बायकोला ड्युटीवर नेतो म्हणून लोकांनी टर उडवली असती. वहीत 'पावलं' असं लिहिलं. कुणाची ते लिहिलं नाही. लिहायची गरजच काय होती? मोजायला तीच असणार होती.

 मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "काकूंची उंची किती होती?"

 काकांनी आपल्या खांद्याला हात लावला. "इथवर."

दुपारी काकांची मुलगी रस्त्यावर आली. आई गेल्यापासून ती इथेच होती आणि बाबांना आपल्याबरोबर घेऊन जायचं म्हणून त्यांच्या बॅगा भरत होती. मुकादमालाच कल्पना सुचली. "ताई चेहऱ्याने आईवर गेल्यात ना? मग चालवा त्यांना."

मुलगी शिंप्याच्या पायरीपासून सतरा पावलं चालली आणि मुकादमाच्या खड्ड्यात पडता पडता वाचली.

"चेहरा आईचा, ढांगा बापाच्या," काका म्हणाले. पंधरा दिवसांत ते पहिल्यांदा थोडंसं हसले. मुलगी हसता हसता रडली आणि नाक पुसत दुकानाच्या पायरीवर बसली.

मॅडमना मात्र तेवढ्यात वाट सापडली. शाळेसमोरचा मोठा व्हॉल्व अजून डांबराखाली गेला नव्हता, तोच बेचाळीस आट्यांचा. वहीत त्याची नोंद होती: 'शाळेच्या फाटकापासून चोवीस पावलं.' मॅडमनी टेप लावला. बेचाळीस फूट भरले. त्यांनी हातावरच पेनाने भागाकार केला.

"काकूंचं एक पाऊल पावणेदोन फूट."

काकांनी त्या आकड्याकडे बघितलं. चौतीस वर्षं ती पुढे चालत होती, पण तिचं पाऊल केवढं ते त्यांना आज कळलं.

शिंप्याच्या पायरीपासून सतरा पावलं म्हणजे तीस फुटांना तीन इंच कमी. कामगारांनी तिथे पहार घातली आणि तिसऱ्या घावाला लोखंडावर लोखंड वाजलं. मुकादमाने कपाळाला हात लावला. "मानलं काकूंना." संध्याकाळपर्यंत गिरणीजवळचा सापडला, लाँड्रीसमोरचा सापडला, दवाखान्याच्या वळणावरचाही सापडला. एकही चार बोटं इकडे की तिकडे नव्हता. प्रत्येक झाकण निघालं की मॅडम "काकू!" असं ओरडत आणि कामगारही हळूहळू तसंच ओरडायला लागले. काका वही छातीशी धरून उभे.

दुसऱ्या दिवशी पाचवा शोधायला घेतला. टॉवरांकडे जाणाऱ्या लाइनीवरचा, तीन वर्षांपूर्वीचा. बँकेच्या कोपऱ्यापासून वीस पावलं, म्हणजे पस्तीस फूट. खणलं. वाळू. खड्डा रुंद केला. वाळूच.

"तेव्हा घाई असेल," मुकादम म्हणाला. "चुकले असतील काकूंचे आकडे."

"तिचे आकडे चुकत नाहीत," काका म्हणाले. "मागे खण. बँकेकडे."

मागे खणत खणत गेले. तीस फुटांवर व्हॉल्व लागला. म्हणजे पाऊल दीड फुटाचं.

सहावा गेल्या वर्षीचा. बसथांब्यापासून चोवीस पावलं. मॅडमनी दीड फुटाने हिशेब करून छत्तीसवर खूण केली. तिथे नव्हता. पुन्हा मागे आले. तो तीस फुटांवर होता. सव्वा फुटाचं पाऊल.

मॅडमनी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि आनंदाने वळल्या. "काका, म्हणजे वही बरोबरच आहे! फक्त पाऊल लहान लहान होत..." आणि तिथेच थांबल्या. काकांचा चेहरा बघून त्यांनी कागद मिटला.

काका बसथांब्याच्या बाकावर बसले. मुलगी शेजारी येऊन बसली.

"बाबा, काय झालं?"

"चप्पल चावते म्हणायची ती."

"काय?"

"बँकेपाशी मोजलं तेव्हा. मध्येच थांबली. काय गं, विचारलं, तर म्हणाली, चप्पल चावते. मी नवीन आणली. मग बसथांब्यापाशीही तेच. परत नवीन आणली. कोपऱ्यात दोन्ही जोड पडलेत. एकाचाही तळ झिजलेला नाही. मी म्हणायचो, तुझे पाय म्हणजे राजकन्येचे, कुठली चप्पल चालत नाही त्यांना." त्यांनी वाकड्या पायावरून हात फिरवला. "तिला दम लागत होता गं. मागून चालणाऱ्याला दिसायला नको होतं का? वही माझ्या हातात होती. आकडे मीच लिहीत होतो."

मुलीने त्यांचा हात धरला. मग म्हणाली, "आईने मलाही नाही सांगितलं. फोनवर विचारलं की म्हणायची, बाबांच्या मागे पळून पळून तब्येत ठणठणीत आहे."

"मागे? लबाड. कायम पुढे असायची."

दोघंही थोडं हसली. समोरून सिमेंटची गाडी गरगर फिरत गेली.

सातवा व्हॉल्व मिठाच्या गोदामासमोर होता. नव्या लाइनीवरचा शेवटचा, खालच्या वस्तीला पाणी वळवणारा. मॅडमनी वही उघडली. ओळ अशी होती: 'मिठाच्या गोदामाच्या कोपऱ्यापासून समुद्राकडे' आणि पुढे काही नाही. तारीख ती जायच्या दोन महिने आधीची.

"काका, इथे आकडा नाही."

"नाही. नऊ पावलं चालली आणि गोदामाच्या पायरीवर बसली. म्हणाली, नऊ झाली, बाकीची उद्या. मी म्हटलं, उद्या तर उद्या, व्हॉल्व काय पळून जातोय? त्या आठवड्यात डांबरवाले येऊन गेले. आणि आमचं उद्या राहिलं."

"तुम्ही एकटे नाही आलात नंतर?"

"माझ्या पावलांचा काय भरवसा, मॅडम?"

कामगारांनी नऊ पावलांच्या पुढे खणलं. एका बाजूला टेलिफोनच्या तारा, दुसरीकडे गॅसची नळी. मधल्या पट्ट्यात पहार मारायची परवानगी नव्हती, हातानेच माती काढायची. रविवार संध्याकाळपर्यंत काही लागलं नाही. मुकादम आला, खड्ड्यात बघितलं, डोकं खाजवलं.

"मॅडम, उद्या सिमेंट."

"गोदामापुढचे वीस फूट सोडा."

"साहेबांना काय सांगू?"

"सांगा, काकूंची मोजणी चालू आहे."

मुकादमाने काकांकडे बघितलं. "सोडतो," तो म्हणाला. "पण किती दिवस, ते माझ्या हातात नाही."

घरी मुलीने बॅग उघडून काकांचे कपडे परत कपाटात लावले.  निघताना फक्त विचारलं, "सापडला की याल ना?"

"येईन."

"आणि त्या चपला? देऊन टाकू कुणाला?"

"राहू दे."

आता रस्ता टेकडीपासून खाली थेट पांढरा झाला आहे. त्यात सहा लोखंडी झाकणं आहेत. मॅडमनी खात्याच्या नव्या नकाशात त्यांची अंतरं फुटांत लिहिली आणि शेजारी, काकांना न विचारता, पावलांतही लिहिली. काका सकाळी शाळेसमोरचे बेचाळीस आटे पुरे करतात आणि खुरपं घेऊन गोदामापाशी जातात. पायरीपासून मागे-पुढे हातभर माती काढतात. वस्तीतली एखादी बाई कळशी टेकवून विचारते, "काका, काय शोधताय?" काकूंसारखं उत्तर त्यांना देता येत नाही. ते म्हणतात, "व्हॉल्व."

गोदामापुढचा वीस फूट रस्ता अजून कच्चा आहे. सातवा व्हॉल्व सापडलेला नाही. वहीतली ती ओळ पुरी व्हायची आहे.