दाराच्या मुठीवरचं कार्ड

बाथरूमच्या फरशीवर बसल्या बसल्या अर्डिसने ओला टॉवेल पुन्हा एकदा वर भिरकावला. लाल दोरी जराशी हलली आणि होती तिथेच राहिली. अडीअडचणीला ओढायची ती दोरी तिने स्वतःच टॉवेलच्या दांडीला गुंडाळून उंच बांधली होती. कारण तिचं मांजर दोरीशी खेळायचं, धोक्याची घंटा वाजायची आणि रात्री-अपरात्री आगीचा बंब मदतीला दारात येऊन उभा राहायचा.

दोरी हाती आली नाही ते बरंच झालं, असंही तिला वाटलं. मिनेसोटातल्या त्या वृद्धांच्या वसाहतीत ज्याचं त्याचं घर वेगळं होतं, पण तिसऱ्या बंबानंतर व्यवस्थापिका टान्या गोड हसून म्हणाली होती, "आता आणखी काही झालं, तर पलीकडच्या इमारतीबद्दल तुमच्या मुलाशी बोलावं लागेल." स्वतःचं स्वतःला न जमणाऱ्यांच्या त्या पलीकडच्या इमारतीत ताटातलं मांस दुसरंच कुणी कापून देई आणि दिवेही दुसरंच कुणी घालवी.

पडताना हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा काही केल्या ऐकेना. बाहेर उजाडत होतं. रात्री दाराच्या बाहेरच्या मुठीला पिवळं कार्ड लटकवायचं आणि सकाळी नऊच्या आत ते घरात घ्यायचं, असा तिथला नियम होता. नाही घेतलं तर टान्या दार ठोठावणार. अलीकडे मात्र सकाळी ते कार्ड दाराच्या आतच पडलेलं सापडे. आपण ते लावायलाच विसरतो, असं अर्डिस धरून चालली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. एकटीच घाबरत होती.

बाहेर सपाता घासल्या. बाथरूमच्या उघड्या दारातून तिला दिसलं, घराच्या दाराखालून पिवळं कार्ड सरपटत आत आलं.

"कोण आहे?"

"मी." समोरच्या घरातला ऑरव्हिल. "चोरत नाहीये मी काही. तू उशिरा उठतेस. टान्याने उगाच दार बडवायला नको म्हणून..."

"रोज?"

"ईस्टरपासून."

"अरे मेल्या! मला वाटलं, माझं डोकंच गेलं!" ती हसत सुटली. डोळे पुसायला टॉवेल हाताशी होताच. "ये आत. बंबवाल्यांनी दार मोडल्यापासून मी कडी लावतच नाही."

ऑरव्हिल आत आला आणि तिला फरशीवर बघून बाथरूमच्या दारातच थबकला.

"दोरी ओढू?"

"हात तर लावून बघ! मला उभी कर, आणि मग आपण दोघंही गप्प."

ऑरव्हिलचा एक खुबा धातूचा होता. त्याने तिच्या काखेत हात घातले, "एक, दोन" म्हटलं, आणि तीनला त्याचाच पाय सरकला. हाताला येईल ते धरत, दांडी आणि लाल दोरीसकट तो तिच्या शेजारी आदळला.

दोरी ओढली की बोलू लागणाऱ्या भिंतीवरच्या पेटीतून टान्याची जांभई ऐकू आली.

"अर्डिसबाई, पुन्हा मांजरच ना?"

एका हाताने खुबा दाबून धरत ऑरव्हिल दुसऱ्या हाताने खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मांजर दारात बसून दोघांकडे बघत होतं.

"मांजर नाही," अर्डिस म्हणाली. "ऑरव्हिल पडलाय. खुब्यावर. लवकर ये."

"अगं बाई! आणि तुम्ही ठीक आहात ना?"

अर्डिसने क्षणभर डोळे मिटले.

"मी त्याच्या आधीपासून पडलेय."

पेटी खट्कन बंद झाली. बाहेर पळापळ सुरू झाली.

"वेडी आहेस तू," ऑरव्हिल म्हणाला. "आता तुला तिकडे नेतील."

"तुलाही नेतील." तिने टॉवेलची घडी करून त्याच्या डोक्याखाली सरकवली. "समोरचीच खोली माग. आणि सकाळी मला कुणाला उठवू द्यायचं नाही."