वरची अर्धी भिंत काळी का?

मी एक फॉग लॅम्प. गाडीच्या बंपरमध्ये खाली बसवतात तो धुक्यातला एलईडी दिवा. आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा शब्द कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्या.

मला घडवलं डिझाइन विभागातल्या मॅडमनी. आठ महिने त्या माझ्या आतल्या आरशाच्या वळणाशी झटत होत्या. धुक्यात उजेड वर गेला की उलटा डोळ्यांवर येतो आणि रस्ता दिसेनासा होतो. म्हणून माझा उजेड जमिनीलगत, आडवा पसरतो. त्याच्या वर काळोख. तो काळोख जमवायलाच सगळी मेहनत लागली.

मग मोठे साहेब आले. भर दुपारी, एसीच्या खोलीत त्यांनी मला लावून भिंतीवर पाहिलं. धुक्याचा दिवा, आणि तपासणी अशी!

"वरची अर्धी भिंत काळी का?"

"सर, तशीच हवी. धुक्यात—"

"शोरूममध्ये धुकं असतं का हो? गिऱ्हाईक भिंतच बघतं. उजेड वर घ्या."

मॅडमनी या बदलावर सही करायला साफ नकार दिला. सही दुसऱ्याने केली. वर तोंड केलेले माझे हजारो भाऊ बाजारात गेले आणि मला 'नापास' अशी चिठ्ठी चिकटवून कपाटात टाकलं.

पुढचं आठवलं की अंगाची लाही लाही होते. काही दिवसांनी साहेबांनी मला आणि माझ्या जोडीदाराला गुपचूप बाहेर काढलं. लेकीच्या नव्या गाडीला बसवायला! मॅडमनी नेमकं पाहिलं.

"सर, तुमच्या मुलीला हे, आणि बाकीच्यांच्या मुलींना ते?"

साहेब घड्याळ बघत निघून गेले. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं!

लेक गुणी आहे, जपून चालवते. काल सकाळी दाट धुकं होतं, साहेब तिच्या शेजारी बसले होते. मी रस्त्याची कड, पट्टे, खड्डेसुद्धा नीट दाखवत होतो. तेवढ्यात समोरून एक गाडी आली. तिच्या बंपरमध्ये माझेच भाऊ होते. लेकीच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. तिने करकचून ब्रेक दाबला आणि आमचं एक चाक रस्ता सोडून खाली उतरलं. समोरून येणारा उजेड मी कसा अडवणार?

तिने गाडी बंद केली. "बाबा, असले दिवे कोण मूर्ख बनवतो हो?"

"असतात काही लोक," साहेब म्हणाले.

मला वाचा असती तर तिथल्या तिथे नाव सांगितलं असतं. निदान तुम्ही तरी सांगा तिला.