शर्टाची मागची बाजू

नवा शर्ट घालून शिंपी आरशासमोर उभा राहिला आणि त्याचं डोकंच फिरलं. पुढची कड खाली लोंबत होती, मागची वर चढली होती. हा तिसरा शर्ट. गिऱ्हाइकांचे कपडे मापात बसत होते, बिघडत होते ते फक्त त्याचे स्वतःचे.

"जगाचं नीट शिवतोस आणि स्वतःचंच बरं वाकडं होतं!" काजं करता करता ताई हसली.

"कापड आटलं असेल."

"हो ना, फक्त मागून!"

बारा वर्षं तो आपले शर्ट एकाच कागदी खाक्यावर कापत आला होता. खाका चुकणं शक्य नाही, म्हणजे चूक कात्रीची. अंग बदललं असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. लोकांची मापं घेण्यात जन्म गेला, पण बारा वर्षांत त्याचं माप कुणी घेतलं नव्हतं.

चौदा महिन्यांपूर्वी ताईची डावी किडनी त्याच्या पोटात बसवली होती. शरीराने ती नाकारू नये म्हणून रोज गोळ्या, त्यांत स्टिरॉइडही. तीन महिन्यांपूर्वी कापडाचा तागा उचलताना पाठीत जी कळ आली, ती गेलीच नाही. पण जिने स्वतःची किडनी काढून दिली, तिला पुन्हा 'दुखतंय' म्हणायचं कुठल्या तोंडाने? औषधाच्या दुकानातून त्याने गुपचूप दुखण्यावरच्या गोळ्या आणल्या. त्या किडनीला बाधतात, घ्यायच्या नाहीत, हे दवाखान्यात बजावलं होतं. आजच्यापुरती, असं म्हणत तो रोज दोन घेत राहिला.

पुढच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. "क्रिएटिनिन बरंच वाढलंय, म्हणजे किडनीचं काम मंदावलंय. गोळ्या चुकल्या का?"

"एकही नाही," ताईच बोलली. "गिळेपर्यंत मी समोरून हलत नाही."

"दुसरं काही घेता? काढा, चूर्ण, दुखण्यावरची गोळी?"

"नाही," शिंपी म्हणाला.

"मग शरीर किडनी नाकारतंय असं धरून चालावं लागेल. दाखल व्हा. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासूच, पण थांबण्यात अर्थ नाही. आजच स्टिरॉइडचा मोठा डोस सुरू करू."

ताईचा चेहरा उतरला. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "तरीच याचं लक्ष ठिकाणावर नाही. स्वतःचे शर्ट मागून आखूड शिवतो."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी त्याला भिंतीशी उभं करून उंची मोजली. ऑपरेशनच्या वेळेपेक्षा चार सेंटिमीटर कमी. मग त्यांनी पाठीच्या कण्यावरून बोट दाबत नेलं. एका जागी तो कळवळला.

"शर्ट बरोबर आहे. तुम्ही वाकलाय," त्या म्हणाल्या. "स्टिरॉइडने हाडं आतून विरळ होतात. मणके चेपले असणार, एक्स-रे काढू. त्यात आता हा मोठा डोस, म्हणजे हाडांचे आणखी हाल. पण किडनी वाचवायची तर इलाज नाही." त्या थबकल्या. "अशी पाठ घेऊन मशीनवर बसता कसे?"

शिंप्याचा हात खिशाशी गेला. गप्प राहिलं तर बहुधा नसलेल्याच आजारावर हाडं झिजवणारं औषध अंगात जाणार. बोललं तर ताई इथेच बसलेली.

त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. "रोज दोन. तीन महिने."

बाईंनी पट्टीवरचं नाव वाचलं आणि मोठ्या डोसच्या ओळीवर काट मारली. "ही गोळी किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. आता बंद म्हणजे बंद. तुकडा मात्र उद्याच तपासू."

"भरून येईल ना?" ताईने विचारलं.

"काही प्रमाणात. किती, ते आज सांगता येत नाही."

एक्स-रेच्या खोलीबाहेर दोघं बाकावर बसली.

"ताई, बोल ना काहीतरी. शिव्या दे."

"पाठ दुखते एवढं सांगायला तुला काय धाड भरली होती?"

"तुझ्याकडे अजून काय काय मागू?"

ती उत्तर देणार होती, पण तिचा हात आपसूक डाव्या कुशीतल्या ऑपरेशनच्या व्रणावर गेला. तो बघतोय हे ध्यानात येताच तिने हात पर्समध्ये घातला आणि उगाच रुमाल शोधत राहिली.